रात्री शेतात थर्मल दुर्बीण : कोल्ह्या-खोकडांचा बंदोबस्त होतो का?

माळावरचा_नाना (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

पुरंदर तालुक्यात भुलेश्वरच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. अंजीर, सीताफळ, उन्हाळ्यात कलिंगड आणि घरच्यापुरत्या गावठी कोंबड्या. मी राहतो हडपसरला, शेताकडे चुलतभाऊ बघतो. त्याचं हल्ली एकच पालुपद : कोल्हे माजलेत. कलिंगडं फोडतात, ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात, आता खुराड्यापर्यंत मजल गेलीय.

भाचा ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्यांच्या फार्मवर कामाला आहे. तो व्हिडिओ धाडत असतो. मिट्ट काळोखात गाडीच्या हौद्यात उभं राहून थर्मल दुर्बिणीतून (ती उजेडाऐवजी अंगाची ऊब टिपते) रान न्याहाळतात, लांबवर पांढरा ठिपका हलतो, फॉक्स आहे याची खात्री करतात आणि बार काढतात. कोकरं वाचतात, मालक खूश, सरकारची आडकाठी नाही.

भावाने ते व्हिडिओ पाहिले आणि माझ्यामागे लागला. "नाना, तू फक्त दुर्बीण आण, पुढचं मी बघतो." आता हे 'पुढचं' काय ते विचारायची मला सोय नाही, तो मोठा आहे माझ्यापेक्षा. म्हणून इथे विचारतो.

बरी थर्मल दुर्बीण लाखाच्या आसपास आणि त्याच्याही वर जाते. आपल्याकडे शेतात तिचा उपयोग होतो का? कुणी वापरलीय का? आणि तिकडे जे राजरोस चालतं ते इथे का चालत नाही?

गप्पिष्ट_गंपू

कोल्हा काकडीला राजी असं लहानपणापासून ऐकत आलो. तुमच्याकडचा थेट कलिंगडावर गेला, म्हणजे पुरंदर तालुक्याचं राहणीमान सुधारलं म्हणायचं. (दिवे घ्या.)

काळा_कोट

नाना, भावाला आजच फोन करा. त्या 'पुढचं'मध्ये काहीही येत नाही.

कोल्हा आणि खोकड (आपल्याकडचा छोटा फॉक्स) दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तेव्हापासूनची ही यादी. अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केली तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर दंड २५ हजारांच्या खाली नाही. विष घालणं, फासे लावणं, पिंजरा मांडणं हेही शिकारीतच मोडतं, बंदुकीचा बार काढायलाच हवा असं नाही.

"पिकाचं नुकसान करत होता" हे कारण इथे चालत नाही. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक अनुसूची १ च्या प्राण्याला मारायची परवानगी देऊ शकतात, पण तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा होण्यापलीकडे जखमी, आजारी असेल तरच. उभ्या पिकाचं कारण अनुसूची २ च्या प्राण्यांना लागू पडतं. म्हणून रानडुकरासाठी वन विभागाकडे अर्ज करता येतो, कोल्ह्यासाठी नाही.

दुर्बीण घेऊन आपल्या बांधावर बसायला कुणाची ना नाही. दुर्बीण आणि बंदूक एकाच गाडीत सापडली तर मात्र तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला माझ्यासारखी कुणीतरी शोधावी लागेल.

बारामतीकर_राजा

झालं. आला कायदा. कोल्हा अनुसूची १, डुक्कर अनुसूची २, शेतकरी कुठल्या अनुसूचीत ते पण सांगा ताई.

आमच्याकडे सुप्याच्या बाजूला मक्याची कणसं दुधावर आली की रात्रभर जागावं लागतं. दोन-दोन ओळी आडव्या. तुम्ही म्हणता अर्ज करा, पंचनामा करा. पंचनामा करायला माणूस येईपर्यंत कणसं वाळतात. ऑस्ट्रेलियातला शेतकरी गाडीतून उतरतसुद्धा नाही आणि त्याचा प्रश्न मिटतो. नानांच्या भावाचं काय चुकलं?

काळा_कोट

राजाभाऊ, चूक-बरोबर मी बोललेच नाही. तुरुंगात कोण जाईल एवढंच सांगितलं.

यॉर्कशायरचा_बंड्या

मूळचा सांगवीचा, आता बरीच वर्षं उत्तर इंग्लंडात. इथल्या शेजारच्या शेतकऱ्याबरोबर लँबिंगच्या (मेंढ्या विण्याच्या) मोसमात रात्री जातो, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने बोलू शकतो. नानांच्या भाच्याच्या व्हिडिओत जे दिसत नाही ते लिहितो.

इथे तांबड्या कोल्ह्याला बारा महिने मारता येतं, बंदी मोसम नाही. शिकारी कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग करून मारणं इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झालं, पण रायफलने मारणं कायदेशीर आहे. जमीनमालकाची परवानगी हवी, शस्त्र परवाना हवा. पूर्वी हे काम मोठ्या प्रकाशझोताने करायचे, 'लँपिंग' म्हणतात. कोल्ह्याचे डोळे चमकतात, त्यावर नेम. पण एकदा नेम चुकलेला कोल्हा पुढे कधी झोताकडे बघत नाही, दिवा दिसला की कुंपणापलीकडे. थर्मल आल्यावर ते संपलं, कारण थर्मल स्वतः काहीच प्रकाश टाकत नाही. प्राण्याला पत्ताच लागत नाही.

इथपर्यंत ऐकून राजाभाऊ खूश होतील. आता पुढचं. थर्मलमध्ये डोळे चमकत नाहीत. रंग दिसत नाही. शेपटीचं टोक पांढरं की काळं, कळत नाही. दिसते फक्त ऊब. त्यामुळे इथले जुने लोक दोन यंत्रं बाळगतात : हातातल्या थर्मलने शोधायचं आणि मग ओळख पटवायला दुसरं, बहुतेकदा अवरक्त दिवा असलेलं डिजिटल नाइट व्हिजन. कारण त्याच रानात बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) असतो आणि त्याला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे. शेजारणीचं मांजर असतं. हरीण असतं, जे रात्री मारायला परवाना लागतो. आणि एखादा माणूस आपल्या कुत्र्याला फिरवत असतो! खात्री नसेल तर बोट ट्रिगरवर जात नाही.

दुसरी गोष्ट, गोळी पुढे कुठे जाऊन थांबेल ते थर्मल नीट दाखवत नाही. तार, वाळकी फांदी, सगळं आजूबाजूच्याच तापमानाचं, म्हणून चित्रात विरून जातं. मागे मातीचा चढ आहे का उघडा रस्ता, हे दिवसा जाऊन बघून ठेवावं लागतं.

पाखरूवाला

बंड्या, उत्तम माहिती. एक भर घालतो. ऑस्ट्रेलियात तांबडा कोल्हा मुळात नव्हताच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी नेऊन सोडला आणि शंभरेक वर्षांत टास्मानिया वगळता जवळपास सगळा खंड व्यापला. बिल्बी, नम्बॅट असले छोटे प्राणी त्याच्या तोंडी गेले, कारण असला शिकारी त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून तिकडे सरकारच मागे लागलंय, बंदुकीबरोबर १०८० नावाचं विषारी आमिषही पेरतात. त्यातही गंमत अशी की हे विष ज्या जातीचं आहे ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांत निसर्गतःच असतं. तिथल्या मूळ प्राण्यांना ते बऱ्यापैकी पचतं, कोल्ह्याला पचत नाही.

आपलं खोकड इथलंच. जेमतेम दोन-तीन किलोचं, शेपटीचं टोक काळं, माळावर बीळ करून जोडीने राहतं. उंदीर, वाळवी, टोळ, सरडे, बोरं हा त्याचा आहार. कलिंगड फोडायची ताकद असलेला कोल्हा त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचा. भावाने "कोल्हे" म्हणून नेमकं काय पाहिलं ते आधी विचारा.

बारामतीकर_राजा

उंदीर खातो, मान्य. मग घुशींनी माझा बांध पोखरला तेव्हा कुठे होता?

पाखरूवाला

तुमच्या मक्यात :)

चाकणचा_फिटर

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे पॅनेलमधले तापलेले जोड शोधायला थर्मल कॅमेरा असतो. धाग्याचं नाव वाचून ऑफिसातल्या चौघांनी विचारलं की आपलाच नेऊ या का शेतावर. नका नेऊ. त्याचं भिंग जवळच्या कामासाठी असतं, दर सेकंदाला चित्रंही कमी, शंभर पावलांवरचं म्हसरूसुद्धा लुकलुकता ठिपका दिसेल.

आता शेतासाठीच्या दुर्बिणीचं गणित. खोक्यावर लिहितात "१८०० मीटर". ते फक्त 'तिथे काहीतरी गरम आहे' इतकं कळण्याचं अंतर. कोण आहे हे ओळखण्याचं अंतर त्याच्या पासंगालाही नसतं. उदाहरण घ्या : १२ मायक्रॉन पिक्सेलचा ३८४ × २८८ सेन्सर आणि ३५ मिमीचं भिंग, म्हणजे मधल्या किमतीचा माल. ३०० मीटरवर त्याचा एक पिक्सेल साधारण १० सेंटिमीटर जागा व्यापतो. कोल्ह्याचं अंग आठ पिक्सेल लांब आणि चार उंच. खोकड पाच बाय तीन. त्या पाच बाय तीन ठिपक्यांत खोकड, रानमांजर आणि पाटलांचं पिल्लू यांतला फरक सांगणारा माणूस मला तरी भेटायचाय. १०० मीटरवर तेच अंग वीस-बावीस पिक्सेल होतं, मग चाल आणि शेपूट कळते. ३८४ वरून ६४० च्या सेन्सरवर गेलात तरी, भिंग आणि पिक्सेल तेच असतील तर फक्त चित्राची रुंदी वाढते, बारकावा नाही. विकणारा हे सांगत नाही.

आणखी दोन. थर्मल काचेतून पार बघत नाही, म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. गाडीच्या काचा वर करून बघाल तर स्वतःचंच तोंड दिसेल. आणि आपला उन्हाळा! इंग्लंडच्या थंड गवतात कोल्हा दिवाळीतल्या फुलबाजीसारखा उठून दिसतो. एप्रिलमध्ये पुरंदरचा काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री बरंच उशिरापर्यंत धगधगत राहतो. सगळं रान पांढरं. संध्याकाळी आणि उजाडल्यावर तर एक वेळ अशी येते की जमीन आणि जनावर एकाच तापमानाला, काहीच वेगळं निघत नाही. चांगलं दिसतं ते पहाटे, तीन-चारनंतर. म्हणजे झोपेचं खोबरं.

गप्पिष्ट_गंपू

पाच बाय तीन ठिपके... आमचे साहेब मला अप्रेझलमध्ये एवढेच दिसतात.

सासवडची_सून

सगळे दुर्बिणीवर तुटून पडलेत, नानांच्या कोंबड्यांचं कुणी बोलेना. माझ्या सासरी कोंबड्या आहेत म्हणून लिहिते.

नाना, कोंबडी गेली म्हणजे कशी गेली? एक कोंबडी गायब, थोडी पिसं पडलेली आणि बाकीच्या शाबूत, असं असेल तर रानमांजर, कोल्हा, कुणीही असेल. सात-आठ मारून तिथेच टाकलेल्या, खाल्लेल्या नाहीत, असं असेल तर पहिला संशय मोकाट कुत्र्यांवर. पिल्लंच जात असतील आणि दिवसाउजेडी, तर मुंगूस नाहीतर घार.

कलिंगडाचंही तसंच. कोल्हा पिकलेलं फळ बरोबर ओळखतो, एका बाजूने भोक पाडून गर ओरबाडतो आणि पुढच्या फळाकडे जातो. साळिंदर असेल तर सालीवर पटाशीने तासल्यासारखे रुंद दात दिसतात. डुकरं आली तर विचारायलाच नको, वेलच उपटून जमीन नांगरल्यासारखी. ठिबकची नळी हातात घेऊन उन्हात धरा. कडा कातरल्यासारखी कुरतडलेली असेल तर उंदीर-खार. गोल खोल भोकं, समोरासमोर दोन बाजूंना, असतील तर सुळ्यांचं काम, म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा. उन्हाळ्यात ते पाण्यासाठी चावतात. आमच्याकडे वस्तीपासून लांब, वरच्या बांधाला दगडी डोण भरून ठेवायला लागल्यापासून नळ्यांचा त्रास पुष्कळ कमी झालाय.

यॉर्कशायरचा_बंड्या

ताई, कोंबड्यांच्या बाबतीत थोडं दुमत. इकडचा तांबडा कोल्हा खुराड्यात शिरला तर दिसेल ती कोंबडी मारतो आणि नेतो एकच. फडफड थांबेपर्यंत त्याचं मारणं थांबत नाही. तेव्हा "मारून टाकल्या म्हणजे कुत्राच" असं इकडे म्हणता येत नाही.

सासवडची_सून

इकडचं तिकडचं वेगळं असेल. मी आमच्या आवारातलं सांगितलं. बाकी खुराड्याचं दार लावलं तर दोघांनाही आत येता येत नाही, यावर दुमत नसावं.

वाघरवाला

आम्ही मेंढरावाली माणसं. दिवाळीनंतर वाडा घेऊन खाली कोकणाकडं, पावसाळ्यात परत माळाला. कोल्ह्याचं एवढं काय घेऊन बसला. कोल्हा मोठ्या मेंढराला हात लावत नाही, एखादं अर्धमेलं कोकरू उचलंल. लांडगा नेतो, तो नेणारच. आमचा म्हातारा म्हणायचा, त्याचा वाटा त्याला. पण आजकाल खरं नुकसान गावच्या कुत्र्यांचं हाय. हायवेच्या ढाब्यामागं, कोंबडीवाल्यांच्या कचऱ्यावर पोसलेली, दहा-दहाची टोळी. वाघरीला, म्हंजी मेंढरांभोवतीच्या जाळीला, घाबरत नाहीत का माणसाला घाबरत नाहीत. रात्री बॅटरी मारली की डोळे चमकतात, लोक म्हणतात कोल्हे आले.

पाखरूवाला

वाघरवाल्या दादांना शंभर टक्के अनुमोदन. आणि हा नुसता मेंढरांचा प्रश्न नाही. याच कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग) माळावरच्या खोकड-लांडग्यांत जातो. पुणे परिसरातल्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्धही झालंय. म्हणजे उद्या थर्मलमध्ये दिसलेलं जनावर ओळखायला बंड्याची दोन यंत्रंसुद्धा पुरायची नाहीत.

जुन्नरची_रातराणी

तुम्हा मंडळींना रात्री शेतात जाऊन बसायची हौस आहे त्याचं मला नवल वाटतंय. आमच्याकडे उसात बिबट्या आहे म्हणून शेतकरी दिवसा वीज मागतायत आणि इथे पहाटे तीनला दुर्बीण लावून बसायचे बेत!

दुर्बीण डोळ्याला असली की बाकीचं रान दिसत नाही. वर त्या पडद्याच्या उजेडाने डोळा दिपतो, दुर्बीण काढली की काही वेळ समोरचा बांधही दिसत नाही. एकट्याने जाऊ नका. एकजण बघणारा, दुसरा आजूबाजूला ध्यान ठेवणारा. आमच्या भागात बिबट्या शोधायला वनखात्याने थर्मल ड्रोन उडवले, तेही टीम घेऊनच.

जुना_फौजी

उजेडाबद्दल ताईंचं बरोबर आहे. पडद्याची चमक अगदी खाली आणा आणि रंग तांबूस निवडा, पांढरा नको. बघायचा डोळा एकच ठेवा, दुसरा अंधाराला सरावलेला राहू द्या.

गप्पिष्ट_गंपू

अवांतर : आजोळी रात्री एकटाच कोल्हा विचित्र ओरडायला लागला की आजी म्हणायची, "भालू आली, वाघ जवळ आहे, दार लावा." वाघ कधीच आला नाही, पण आम्ही निमूट झोपायचो. थर्मलपेक्षा स्वस्त.

पाखरूवाला

आमच्याकडेही भालूच. मोठं जनावर दिसलं की कोल्हा एकटाच वेगळ्या, तुटक आवाजात ओरडतो, हे जंगलात फिरणाऱ्यांनी ऐकलेलं असतं. तेव्हा तुमच्या आजीला अगदीच मोडीत काढू नका.

बारामतीकर_राजा

गोष्टी झाल्या असतील तर मुद्द्यावर या. मारायचं नाही, कबूल. पण मग हाकलायचं कसं? फटाके वाजवून शेजारी शिव्या घालतात. आमच्या इकडे काहीजण कुंपणाला थेट लाइट सोडतात.

काळा_कोट

थेट लाइट सोडणाऱ्यांना त्यांच्या बायकापोरांची आण घालून थांबवा. त्या तारेला चिकटून माणसं मेलीत, शेजारची आणि घरचीसुद्धा. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. गावठी बॉम्ब आमिषात घालणाऱ्यांनाही हेच.

चाकणचा_फिटर

राजाभाऊ, सौर झटका मशीन घ्या. त्यात दाब जास्त असतो पण झटका सेकंदाला एखादाच आणि क्षणभराचा, जनावर दचकून मागे फिरतं. कोल्ह्यासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी तिच्यावर वीतभर, नाहीतर तो खालून सरकतो. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, तेव्हा खालचं गवत कापत राहायचं. लोक मशीन बसवतात आणि गवत विसरतात. मग म्हणतात मशीन भंगार.

यॉर्कशायरचा_बंड्या

उजेडाचाही एक प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातल्याच एका शेतकऱ्याने कोल्ह्यांसाठी काढलेले दिवे, 'फॉक्सलाइट' म्हणतात. वेगवेगळ्या रंगांत, कधीही, कसेही लुकलुकतात, म्हणजे कुणी बॅटरी घेऊन फिरतंय असं वाटावं. पुढे लडाख-नेपाळात ते हिमबिबट्यांपासून कोंडवाडे राखायला वापरले. जागा मात्र दर काही दिवसांनी बदलायची. एकाच खांबावर ठेवलात तर कोल्हा त्याच्या उजेडात जेवायला बसेल.

पाखरूवाला

थर्मलला लाखभर घालण्याआधी ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावा नाना. आठ-दहा हजारांपासून मिळतो. ९४० नॅनोमीटरचा घ्या, त्याचा दिवा डोळ्याला दिसत नाही, ८५० वाला किंचित लाल चमकतो. गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन आत शिरत नाही. समोरचं गवत छाटून टाका, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे हजार फोटो मिळतील. एक खुराड्याशी, एक ठिबकच्या मुख्य नळीशी. स्वतःच्याच जमिनीत लावा, पलीकडे वन विभागाची हद्द असेल तर तिकडे परवानगीशिवाय नाही.

माळावरचा_नाना

सगळ्यांचे आभार. ओळखीच्या एकांकडून ट्रॅप कॅमेरा मागून आणला आणि लावला. एका निसर्गप्रेमी मित्राची थर्मल दुर्बीण एका रात्रीपुरती मिळाली, तीही वापरून पाहिली. भाऊ आणि मी दोघंही होतो, जुन्नरच्या ताईंचं ऐकून.

थर्मलचं आधी. फिटरसाहेबांनी म्हटलं तस्संच. रात्री दहाच्या सुमाराला विहिरीची दगडी कड आणि पलीकडचा खडक असे लखलखत होते की भाऊ म्हणाला, "तिथं बिबट्या बसलाय." तो खडक आमच्या जन्माच्या आधीपासून तिथे आहे. पहाटे मात्र चित्र एकदम निवळलं. सशाचे कान दोन पेटत्या काड्यांसारखे दिसले. नांगरटीत एक टिटवी बसली होती, नुसत्या डोळ्यांनी दिवसाही दिसत नाही, ती चकाकणारी गोटी. आणि बांधावरून दोन जनावरं आली. एक पुढे, एक मागे, थांबत, मान खाली घालून, नाकाने ढेकळं चाळत. भाऊ "कोल्हे, कोल्हे" करत होता. जवळ आली तेव्हा लहान निघाली, शेपूट अंगाच्या मानाने बरीच मोठी. खोकडांची जोडी. कलिंगडाच्या वाफ्यातून सरळ गेली, एकाही फळाला तोंड लावलं नाही. पलीकडे एकाने उडी मारून काहीतरी पकडलं, बहुधा उंदीर.

ट्रॅप कॅमेऱ्यात तीन गोष्टी आल्या. ठिबकच्या नळीशी कोल्हा, एकच, नळी तोंडात धरून. तेव्हा भावाचं तेवढं खरं. कलिंगडात साळिंदर. आणि खुराड्यापाशी कुत्री, त्यातलं एक गळ्यात पट्टा असलेलं. ते कुणाचं आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे आणि इथे लिहिणं बरं नाही, कारण पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्न आहे आणि आम्हाला आमंत्रण आहे.

भाऊ अजून म्हणतो, कुत्र्यांना वाट दाखवली ती कोल्ह्यानेच.

गप्पिष्ट_गंपू

फुटलो. भाऊंना या संस्थळावर सदस्य करून घ्या हो कुणीतरी.

वाघरवाला

पट्ट्याचं कुत्रं. सांगितलं नव्हतं?

सासवडची_सून

नाना, लग्नाला जाऊन या आणि खुराड्याला वेल्ड मेश लावा. कोंबडीजाळी नको, कुत्रं ती दातांनी फाडतं. एक इंची चौकटीची जाळी, खाली फूटभर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे उकरणाऱ्याच्या नखांना जाळीच लागते. दिवे लागायच्या आत दार बंद. डालग्याखाली ठेवलेल्या कोंबड्यांवर रात्री दगड ठेवून भागत नाही, कुत्रं डालगं लोटतं.

काळा_कोट

आणि शेळी-कोकरू गेलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा, जनावर जागचं हलवू नका. वन विभागाची मदतवाहिनी १९२६. कुत्र्याने मारलं असेल तर भरपाई नाही, म्हणूनही कुणी मारलं ते दाखवणारा फोटो जपून ठेवा, कामाला येतो.

बारामतीकर_राजा

बरं. दुर्बीण बाद, कॅमेरा घेतो. पण एक सांगा, तो शेतात उघड्यावर बांधायचा आणि सकाळी तो तिथेच असेल याची काय हमी? आमच्याकडे मोटरीची केबल राहत नाही.

पाखरूवाला

लोखंडी पेटी मिळते, साखळीने झाडाला कुलूप लावायचं. आणि एक दुसरा कॅमेरा पहिल्याकडे तोंड करून, थोडा उंचावर.

चाकणचा_फिटर

सिमवाला घ्या राजाभाऊ, फोटो लगेच मोबाइलवर येतो. रेंज आहे ना शेतात?

बारामतीकर_राजा

टाकीवर चढलं की असते.